वहिनीच्या मनगटावरचा दोरा

"कात्री," मॅडम म्हणाल्या. मी दिली. माझ्याच हातानं दिली.

दौंडच्या एका दवाखान्यात मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. टेबलावर माझी वहिनी, वरवंडहून कळा सोसत आलेली. तिची आधीची दोन लेकरं पोटातच गेलेली. म्हणून आईनं घरी भन्तेंना बोलावून परित्राणपाठ ठेवला आन् त्या पाठातला पांढरा दोरा तिच्या मनगटाला बांधला. सलाईनला तो आड येत होता म्हणे. जरा वर सरकवला असता तर भागलं असतं. पण आमच्या ट्यूटर मॅडमनी तो दोन बोटांत धरून सगळ्या पोरींना दाखवला.

"बौद्ध झाले म्हणे हे लोक. गंडेदोरे काही सुटत नाहीत."

पोरी हसल्या. मीपण हसले. ही माझी वहिनी, हे कुणाला कळू नये म्हणून हसले. दोरा बादलीत गेला. वहिनीनं माझ्याकडं बघितलं, पण ओळख दाखवली नाही. एवढ्या कळांत तिनं माझी लाज राखली.

शेजारच्या टेबलावर एका बागायतदाराची सून होती. तिचं मंगळसूत्र मॅडमनी स्वतः गॉजमध्ये गुंडाळलं, वर चिकटपट्टी लावली. "राहू दे गं, सौभाग्याचं असतं," म्हणाल्या.

वहिनीचं लेकरू गेलं. दोऱ्यानं ते वाचलं नसतं, एवढं मला कळतं. संध्याकाळी ती म्हणाली, "ताई, आत्याबाईंनी बांधलेला दोरा कुठं हाय?"

"पडला असंल कुठंतरी."

"व्हय," म्हणाली, आन् भिंतीकडं तोंड केलं. तिला पुन्हा दिवस गेले नाहीत.

दोन महिन्यांनी पाटसच्या कारखान्यावरची एक ऊसतोडणीची बाई आली. कमरेला काळा दोरा, त्यात ताईत.

"कात्री."

"नाही देणार. गॉज देते."

"का गं? तुझी कोण लागते ही?"

"कुणी नाही. मागं जिचा दोरा कापला, ती माझी वहिनी होती."

मला बाहेर काढलं. माझं वर्ष गेलं.

आता मी शिरूरला नर्सिंग शिकवते. पहिल्याच तासाला पोरींना हे सगळं सांगते, मी हसले तेपण. बाईच्या अंगावरचं काहीही काढायचं तर आधी तिला विचारायचं. न विचारता कात्री उचलणारीला मी पास करत नाही. मग ती कुणाचीही लेक असू दे.