बाविसावी पायरी

शिड्या बनवणाऱ्या या माणसाला गल्लीत सगळे ‘तीनकमी’ म्हणतात. समोरचा शिंपी म्हणतो, घरमालक म्हणतो, आणि रागावलेली असली की बायकोही म्हणते. त्याची शिडी खाली रुंद आणि वर निमुळती असते. सर्वांत खालची पायरी साठ सेंटिमीटर, तिच्या वरची सत्तावन्न, मग चोपन्न, मग एक्कावन्न. दर पायरीला तीन कमी. शाळेच्या पुस्तकात या प्रकाराला अंकगणिती श्रेढी म्हणतात. तीनकमी त्याला ‘आमची पद्धत’ म्हणतो.

पद्धत सासऱ्यांची. दुकानही मूळचं त्यांचंच. आता त्यांचे हात थरथरतात म्हणून करवत जावयाकडे आली आहे, पण दाराजवळच्या उलट्या डब्यावर ते सकाळी बसतात ते जेवायलाच उठतात. त्यांनी जावयाला एकच मंत्र दिला: मागची पायरी बघ, पुढची कळेल. तीनकमी तो अक्षरशः पाळतो. कापलेली पायरी नव्या लाकडावर ठेवायची, तीन सेंटिमीटर आत खूण करायची, कापायचं. मग ही नवी पायरी पुढच्या लाकडावर. टेप फक्त पहिल्या पायरीला लागतो. दहावी पायरी किती लांब असेल, असं कोणी विचारलं तर तो म्हणतो, नऊ कापून झाल्या की सांगतो.

सासऱ्यांचं दुसरं एक वचन होतं: माणसाने पंधरा पायऱ्यांच्या वर चढू नये. उंच शिडी मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते गर्व, हाव आणि पाय घसरलेल्या थोर लोकांबद्दल ऐकवत. गिऱ्हाईक कंटाळून पंधरा पायऱ्यांची शिडी घेऊन जाई, किंवा नुसतंच जाई.

तीनकमीच्या मनात एकच सल होता. या धंद्यात रीत अशी, की नवी शिडी प्रथम बनवणाऱ्याने स्वतः चढायची, अगदी वरच्या पायरीपर्यंत, आणि खाली शिडीचे दांडे धरून उभं राहायचं ते तिच्यावर ज्याचा भरवसा आहे अशा जाणत्या माणसाने. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांनी जावयाची शिडी एकदाही धरली नव्हती. शिडी तयार झाली की त्यांचे गुडघे दुखायला लागत. गिऱ्हाईक गेलं की थांबत. शिडी बायको धरायची, तेही विणकाम काखेत ठेवून एका हाताने.

त्यामुळे नाट्यगृहातला दिवेवाला जेव्हा बावीस पायऱ्यांची शिडी मागायला आला, तेव्हा तीनकमीने सासऱ्यांना तोंड उघडू न देता हो म्हणून टाकलं. दिवेवाल्याला रंगमंचावरच्या दिव्यांपर्यंत पोहोचायचं होतं. जुनी शिडी मधोमध वाकली होती. इतकी उंच शिडी सासऱ्यांनीही कधी केली नव्हती. ती पाहिल्यावर म्हातारा गुडघे विसरून उठेल, असा तीनकमीचा हिशेब होता. संध्याकाळपर्यंत त्याने शिंप्याला सांगितलं, घरमालकाला सांगितलं, आणि गल्लीच्या तोंडाशी कोणाची तरी वाट बघत उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसालाही सांगितलं.

सासरे डबा थोडा पुढे सरकवून बसले. लोक खेळ सुरू होण्याआधी पुढच्या रांगेत सरकतात, तसे.

पहिल्या पंधरा पायऱ्या छान झाल्या. पंधरावी अठरा सेंटिमीटरची होती. एक पाऊल जेमतेम मावेल अशी. सोळावी पंधरा भरली. ती हातात फिरवत तीनकमी म्हणाला की दिवेवाला तसा बारीकच आहे. सतरावी बारा. तिच्यावर तो चवड्याने उभा राहील. अठरावी नऊ. इथे पाय कशाला, इथे हाताने धरायचं असतं. एकोणिसावी सहा. विसावी तीन सेंटिमीटरची निघाली, बाटलीच्या बुचाएवढी. तिलाही त्याने चारही बाजूंनी पॉलिशपेपर मारला आणि ही शोभेची, असं ठरवलं.

मग त्याने ते बूच नव्या लाकडावर ठेवलं, तीन सेंटिमीटर आत खूण करायला पेन्सिल नेली, आणि पेन्सिल लाकडाच्या बाहेर आली. त्याने दोनदा करून पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. एकविसाव्या पायरीची लांबी शून्य होती, आणि शून्य लांबीला करवत कुठे लावायची हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

सासरे तेव्हा पहिल्यांदा बोलले. “एकविसावी नाहीच. आणि बाविसावी उणे तीन. ती दिवेवाल्याने घरून आणायची.”

आतल्या खोलीतून बायको आली. ती गावातल्या एका दुकानासाठी लोकरीच्या टोप्या विणते. तिने बाकावर रांगेत मांडलेल्या वीस पायऱ्या पाहिल्या आणि इतकी हसली की तिच्या सुईवरचे टाके सुटले. तिचं म्हणणं, तिची टोपीही अशीच बनते: बहात्तर टाके, मग दर फेरीला आठ कमी, आणि नऊ फेऱ्यांनी वरती मिटते.

“पण अहो, टोपी मिटायलाच हवी,” ती म्हणाली. “शिडीत कोणाचं डोकं घालायचंय?”

तीनकमीने विचारलं, हे आधी कसं कळणार होतं. तिने सांगितलं ते असं: बाविसावी पायरी हवी असेल तर एकवीस पायऱ्या कापत बसायची गरज नाही. पहिलीपासून बाविसावीपर्यंत जाताना तीन किती वेळा कमी झाले तेवढं बघायचं. एकवीस वेळा. एकवीस त्रिक त्रेसष्ट. साठातून त्रेसष्ट जात नाहीत. संपलं. हे दिवेवाला दारात उभा असतानाच कळलं असतं, आणि ती आतून ओरडणारही होती, पण तिला वाटलं बाप आणि नवरा दोघं मिळून काहीतरी नवीन करताहेत.

इथे सासऱ्यांनी घसा खाकरला आणि एक कबुली दिली. तरुणपणी त्यांनीही वीस पायऱ्यांची शिडी करायला घेतली होती. बूच निघालं तेव्हा दुकानात कोणी नव्हतं, म्हणून ते त्यांनी चुलीत घातलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पंधरा पायऱ्यांच्या वर चढू नये असं लोकांना सांगायला लागले. गर्वाचं आणि थोर लोकांचं नंतर हळूहळू जमत गेलं.

तीनकमी मटकन बाकावर बसला. सोळाव्या पायरीवर बसला, ती टोचली, तो उठला.

शिडी परवा द्यायची होती. त्याने पहिला उपाय काढला: पंधरा पायऱ्या आहेत तशा ठेवू, वरच्या सगळ्या अठराच्याच करू. सासऱ्यांनी दोन्ही हात वर करून, कोपरं खाली फाकवून आणि मनगटं जवळ आणून ती शिडी कशी दिसेल ते करून दाखवलं. मान मुरगळलेल्या बदकासारखं काहीतरी दिसलं. बाजूचे दांडे सरळ राहायला हवेत तर दर पायरीला सारखंच कमी व्हायला हवं, हे तीनकमीलाही माहीत होतं. प्रश्न एवढाच, की किती कमी.

खालची साठ आणि वरची अठरा ठरली. मधला फरक बेचाळीस. तीनकमीने बेचाळीस भागिले बावीस केलं, पायऱ्या बावीस म्हणून. उत्तर एक पूर्णांक नऊच्या आसपास आलं आणि पुढे आकडे येतच राहिले. टेपवर अशी खूण नव्हती. तो म्हणाला की लाकूड एवढं बारीक बोलत नाही.

बायकोने सुई ठेवली आणि त्याच्या नाकासमोर हात धरला. “बोटं किती?”

“पाच.”

“मधल्या फटी?”

त्याने मोजल्या. चार होत्या. त्याने स्वतःच्या हातावर खात्री करून घेतली, आणि मग, का कोण जाणे, सासऱ्यांचाही हात मोजला. पायऱ्या बावीस, तर उतार एकवीस. बेचाळीस भागिले एकवीस. दोन. नीट, अख्खे, टेपवर असलेले दोन.

नासधूस फारशी झाली नाही. दोनच्या उतारात साठ, चोपन्न, अठ्ठेचाळीस अशा आठ जुन्या पायऱ्या आहेत तशा बसल्या. सत्तावन्न, एक्कावन्न अशा सात पायऱ्या एकेक सेंटिमीटर कापून जागेवर आल्या. सातच नव्या कराव्या लागल्या. त्या करताना तीनकमीने मागची पायरी लाकडावर ठेवली नाही. चौदावी आधी कापली, मग पाचवी, मग एकदम वीस नंबरची. एकदा तर डोळे मिटून म्हणाला, “अकरावी चाळीस,” आणि बायकोकडून टेपने तपासून घेतली. चाळीसच होती. त्यानंतर तो जेवतानाही कोणीतरी नंबर विचारावा म्हणून ताटकळत होता.

शिडी नाट्यगृहात पोहोचली आणि दिव्यांच्या दांड्याला टेकवून उभी केली गेली. बायको नेहमीप्रमाणे विणकाम काखेत धरून पुढे झाली. तेवढ्यात सासऱ्यांनी तिला बाजूला केलं, दोन्ही हातांनी दांडे पकडले आणि म्हणाले, “चढ.”

गुडघ्यांबद्दल कोणी काही विचारलं नाही. तीनकमी चढला. पंधराव्या पायरीवर क्षणभर थांबला आणि सोळावीवर पाय ठेवला. तीस सेंटिमीटरची होती. दोन्ही पाय बसले, वर जागा उरली. बाविसावीवर तो बेताने उभा राहिला. तिथून सासरे टक्कल आणि दोन हात एवढेच दिसत होते.

खाली दिवेवाल्याने विचारलं की ही घसरणार तर नाही ना. सासरे म्हणाले की ती घसरणं शक्य नाही. दर पायरीला दोन कमी, उतार एकवीस, त्यात एका केसाचीही चूक नाही. बायकोने विणकामातून मान वर केली आणि परत घातली. दिवेवाल्याने विचारलं, केली कोणी. सासऱ्यांनी मान वर न करताच, बरंच मोठ्याने सांगितलं, “आमच्या पोराने.”

मग त्यांनी दिवेवाल्याला लाकूड कसं निवडलं ते सांगायला घेतलं, त्यानंतर करवत कशी धरावी, आणि पोराचा हात सुरुवातीपासूनच कसा सरळ होता ते. दांडे मात्र सोडले नाहीत. वर तीनकमीच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. एक दिवा त्याच्या कानाला लागत होता. बायकोने दोनदा खुणेने विचारलं, उतरताय का. त्याने तोंडावर बोट ठेवलं आणि आणखी थोडा वेळ वरच थांबला.