वहीतुलेची यादी

“मॅडम, हा तराजू तुमच्या रजिस्टरात कुठे आहे?”

तपासणीला बसलेल्या साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर आमचे उमेदवार तायडे सर मोठ्या काट्याच्या एका पारड्यात मांडी घालून बसले होते. दुसऱ्या पारड्यात लोक वह्यांचे गठ्ठे चढवत होते. टाळ्या, घोषणा. रजिस्टरात त्या दिवशी चहा आणि जीपचं डिझेल एवढंच होतं.

मी वाशीमला टॅक्स कन्सल्टंट आहे. तायडे सर निवृत्त मुख्याध्यापक. ते विधानसभेला अपक्ष उभे राहिले आणि त्यांचा निवडणूक हिशेब माझ्या गळ्यात पडला. उमेदवाराला वेगळं बँक खातं लागतं. रोजचा खर्च आणि रोजची देणगी लिहावी लागते. देणगी म्हणजे नुसता पैसा नव्हे. कुणी मंडप फुकट दिला, तरी बाजारभावाने किंमत लावून, देणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह नोंदवावा लागतो. पलीकडे निवडणूक यंत्रणेची माणसं सभांचं शूटिंग करून स्वतःचं रजिस्टर ठेवतात. त्याला शॅडो रजिस्टर म्हणतात. दोन्ही जुळली नाहीत, की नोटीस.

“अठ्ठेचाळीस तासांत खुलासा द्या,” साहेब म्हणाले. “वह्या किती, किंमत किती, दिल्या कोणी. आणि मुलांना वाटल्या असतील, तर मग विषय वेगळा होईल.”

वेगळा म्हणजे मतदारांना आमिष. म्हणजे गुन्हा.

बाहेर येऊन मी सरांना फोन लावला. “सर, वहीतुला झाली आणि मला सांगितलं नाही?”

“अहो, ती देणगी थोडीच हाये? सत्कार होता लोकायचा. पैसा असता तर मी पारड्यात बसलो असतो काय?”

“वह्या कुठे आहेत?”

“विहारातच असतील. नाही तर वाटल्याबी असतील. मले पक्कं माहीत नाही.”

त्या दिवशी डबा उघडलाच नाही. स्कूटी काढली आणि शिरपूरच्या अलीकडचं ते गाव गाठलं. वाटेत एकच विचार, वाटल्या असतील तर सर गेले आणि त्यांच्या मागोमाग मीही.

वह्या विहारात होत्या. सतरंजीखाली झाकलेल्या, एकही हललेली नाही. महिला मंडळाच्या कमलाबाई म्हणाल्या, “निकालानंतर सरच्या हातानं वाटू म्हटलं.” मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. मोजल्या. तीनशे चोवीस.

“आता देणाऱ्यांची यादी द्या, कमलाबाई.”

“यादी नाही, बाई. आमच्यात दानाचं नाव लिहत नाही. ज्याले जे जमते ते सांजच्याला इथं आणून ठेवते. कोणी पाहत नाही, कोणी इचारत नाही.”

“पण नाव नसेल तर सरांना देणगी घेताच येत नाही. खुलाशात काय लिहू?”

मग त्यांनी भोंग्यावरून लोकांना बोलावलं. मी टेबलाशी बसले आणि एकेकाला सगळ्यांसमोर विचारत गेले. नाव सांगा, वह्या किती? एक. दोन. पाच. लोक भराभर सांगत होते. मला वाटलं, काय शहाणं गाव आहे!

बेरीज आली तीनशे एक्कावन्न.

तीनदा केली. तेवढीच. “सत्तावीस वह्या उंदरांनी खाल्ल्या का?” मी म्हणाले. कोणी हसलं नाही.

कमलाबाई माझ्या कानाशी आल्या. “बाई, चारचौघात इचारल्यावर शून्य कोन सांगन? म्हनून तं नाव लिहत नाही आमी.”

ही यादी दिली तर ढीग एक सांगणार, कागद दुसरंच. अंदाजाने सत्तावीस उडवल्या तर खोटेपणा माझा, आणि खाली सही सरांची. हिशेब खोटा ठरला तर तीन वर्षं निवडणूक बंद. ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना कॉपी करू दिली नाही, त्याच्या नावावर हे बालंट. मग कमलाबाईंनीच मार्ग सुचवला. बाजूच्या खोलीत एकेकाला बोलवा.

तसं केलं. प्रत्येकाला मी म्हणाले, “खरं सांगा. इथलं बाहेर जाणार नाही.”

कुणी चारच्या दोन केल्या, कुणी दोनाची एक. मजुरीला जाणाऱ्या शेवंताबाईंनी बाहेर पाच सांगितल्या होत्या. आत आल्या आणि फरशीकडे बघत राहिल्या.

“एकबी नाही, बाई. त्या दिवशी मी माहेरी होती.” मग पदर सारखा केला. “नाही, होती इथंच.”

मी त्यांच्या नावावर रेघ मारली. बेरीज तीनशे चोवीस झाली, तेव्हा मला इतकं हायसं वाटलं, की त्या रेघेकडे मी पुन्हा पाहिलंही नाही.

स्टेशनरीच्या दुकानातून भाव लिहून घेतला, यादी जोडली, मुदतीत खुलासा दिला. साहेबांनी वही न् वही पडताळली आणि शिक्का मारला. पुढे सर पडले, डिपॉझिटही गेलं. हिशेब मात्र महिन्याच्या आत दाखल झाला आणि मंजूर झाला. सर पेढे घेऊन आले. म्हणाले, “एका तरी परीक्षेत पास झालो.”

हा हिशेब जाहीर असतो. नोटीस बोर्डावर लागतो, वेबसाइटवर चढतो, कुणालाही प्रत मिळते. देणारा कोण हे लोकांना कळावं, नियम त्यासाठीच आहे. मला हे पाठ होतं. तरी त्या खोलीत मी शब्द देऊन बसले. गावातल्या कुणीतरी यादीचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. ज्यांनी चारचौघात वाढवून आकडा सांगितला होता, त्यांचा खरा आकडा गावाने वाचला. शेवंताबाईंचं तर यादीत नावच नव्हतं.

काही दिवसांनी शेवंताबाई एसटीने माझ्या ऑफिसात आल्या. पिशवीतून पाच कोऱ्या वह्या काढून टेबलावर ठेवल्या.

“आता लिहा माहं नाव.”

“शेवंताबाई, निकाल लागला. ते खातं बंद झालं. आता त्यात काही लिहिता येत नाही.”

“तुमी तं म्हटलं होतं, इथलं बाहेर जात नाही.”

मला मान वर करवेना. “चुकलं माझं,” मी म्हणाले. “या वह्या विहारात द्या ना.”

“तिथं नाव कुठं लिहितेत?”

त्यांनी वह्या परत पिशवीत भरल्या आणि शिरपूरची गाडी कितीला आहे ते विचारून गेल्या.

तेव्हापासून देणगी लिहून घेताना मी आधी सांगते, की हे नाव उद्या कुणीही वाचू शकतं. मग पेन उघडते. दोघं-तिघं तेवढ्यावरच उठून जातात. मी त्यांना थांबवत नाही.