रिकाम्या घागरींची मारामारी

त्या दुष्काळात आमच्या वस्तीवरचं दूध संकलन बंद पडलं होतं. जनावरं छावणीला गेली, दूध घालणार कोण? पण दूध सोसायटीच्या खोलीतला टीव्ही चालू असायचा. टँकर कधी येईल त्याचा नेम नसे, म्हणून बाया दुपारभर तिथंच घागरी घेऊन बसायच्या आणि हिंदीत केलेले परदेशी मारामारीचे विनोदी सिनेमे बघायच्या.

मला संताप यायचा. मी अंबाजोगाईच्या कॉलेजातून सुटीत घरी आले होते, पत्रकं लिहायची सवय लागली होती. वस्तीला रोज एक पूर्ण टँकर मंजूर होता आणि पाणी निम्म्याच घरांना पुरत होतं. तहसीलला अर्ज द्यायचा तर पुरावा हवा. त्यासाठी बैठक बोलावली, तर एकही बाई सिनेमा सोडून उठेना.

मग मी टीव्हीसमोरच उभी राहून भाषण ठोकलं. हा लाथ मारतो, समोरचा भिंत फोडून पलीकडे जातो, आणि हा जागचा हलत नाही. तेवढाच जोर उलटा यालाही बसायला नको का? तिसऱ्या मजल्यावरून पडतो आणि टोपी सरळ करून चालू लागतो. असल्या खोट्याला हसत बसता म्हणून तुमचं पाणी पळवतात, असंही म्हणाले. आठवलं की ओशाळायला होतं.

"सरक की बाजूला," माझी चुलती म्हणाली. "खोटं हाय म्हनून तर हसतोत."

पडद्यावर नायक खांद्यावर कावड घेऊन सहा जणांना लोळवत होता. दोन्ही घागरींतून थेंब सांडत नव्हता. चुलतीनं बोट दाखवलं.

"त्या रिकाम्या हायत, पोरी."

"कशावरून?" मी म्हणाले.

"भरल्या असत्या तर ह्यो वळला तरी घागर म्हागं ऱ्हायली असती. मंग हिसका बसला असता ह्याला. पानी हिंदकळू नये म्हनून आमी लिंबाची डहाळी टाकतो त्यात, तरी पदर भिजतोय."

शेजारीण म्हणाली, "आपला टँकरवाला बी हिरोच हाय की."

सगळ्या हसल्या. मी विचारलं, तेव्हा कळलं. भरलेला टँकर थांबला की थांबतो. आपला थांबल्यावरही डुलत राहतो, कारण आत पाण्याला हलायला जागा असते. वाटेत सोसायटीच्या चेअरमनच्या मोसंबीच्या बागेला निम्मं पाणी जातं, हे बायांना महिनाभर ठाऊक होतं. मग सांगितलं का नाही?

"तू इचारलंस कवा? तू सांगतच व्हतीस," चुलती म्हणाली.

आणि सही झाल्याशिवाय ड्रायव्हर कॉक सोडत नसे, म्हणून खेपेच्या वहीत 'पूर्ण टँकर मिळाला' याखाली चुलतीच रोज सही करत होती. चेअरमनला लागणारा पुरावा आम्हीच लिहून देत होतो.

त्या दिवशी टँकर आला. ड्रायव्हरनं वही पुढं केली.

"आदी झाकन उघड, भाऊ."

तो म्हणाला, सही नसेल तर टँकर परत नेतो. घरात प्यायलाही पाणी नव्हतं. चुलतीनं बायांकडं पाहिलं.

"ने," ती म्हणाली.

त्यानं इंजिन सुरू केलं, पण सहीशिवाय त्याचीही खेप धरली जाणार नव्हती; त्यानं ते बंद केलं. खाली उतरून वहीत 'अर्धा' लिहिलं. चुलतीनं माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतलं आणि सही केली.

पाणी त्या दिवशीही निम्म्याच घरांना पुरलं. चुलतीचं घर उरलेल्यांत होतं. शेजारणीकडून दोन तांबे पाणी घेऊन ती आली आणि म्हणाली, "बस आता अर्ज लिवायला."