भागरताबाई आणि अध्यक्ष

आमच्या मच्छीमार सोसायटीत प्रश्न खुर्चीला विचारायचा आणि उत्तर खुर्चीच्या मागून यायचं. खुर्चीत अध्यक्ष उमेश, वय वर्षं अठरा. त्याच्या मागे भिंतीला टेकून उभी त्याची आई, भागरताबाई. सभा तीन तास चालली तरी त्या बसत नसत. मी जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन करडीजवळच्या आमच्या गावी परतलो आणि अक्षर बरं म्हणून लोकांनी मला सोसायटीचा सेक्रेटरी केलं. उमेश अध्यक्ष झाल्यावरच्या पहिल्याच सभेत मी त्यांच्याकडे स्टूल सरकवलं. म्हणाल्या, "राहू द्या, सेक्रेटरीभाऊ. राजाच्या बाजूले कोणी बसलं का लोकं राजाले पाहत नाईत."

उमेशचे वडील आधीचे अध्यक्ष. ते गेले आणि तेरवी आटोपल्यावर मी वारसाचा अर्ज घेऊन त्यांच्या घरी गेलो. सभासदत्व बायकोच्या नावे करता येत होतं. मी भागरताबाईंचं नाव लिहायला घेतलं तर त्यांनी माझा हात धरला. "माह्या नावानं काहून? तलावात डोंगा बाईच्या नावानं उतरत नाई, भाऊ. पोराचं नाव लिवा. काम मी पाहीन." ढिवर मच्छीमारांची रीतच तशी. मीही मान डोलावली, आणि पुढच्या सभेत लोकांनी वडिलांच्या जागी उमेशलाच अध्यक्ष केलं. बाई धोरणी आहेत, असं मला वाटलं. वाह रे आम्ही शहाणे!

काम मात्र त्यांनी पाहिलं. तलावात माशांचं बीज कधी सोडायचं, जाळं कधी टाकायचं, सगळं त्या ठरवत. त्यांचा एकच कायदा होता. ज्या घरात जाळं ओढणारा माणूस उरला नाही, त्या घराची टोपली आधी भरायची, बाकीच्यांनी मग वाटून घ्यायचं. गावात विधवांची अशी सात घरं होती. एकदा एक म्हातारा कुरकुरला, "जाळं आमी ओढाचं न पयले मासे त्याहिनं न्यावाचे?" भागरताबाई म्हणाल्या, "बुढा, तू गेल्यावर तुही बायको याच रांगेत उभी राहीन. तवा तुले भांडाले येता येणार नाई." म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने पहिली टोपली भरली.

पण बाई गोड नव्हत्या. पोराला त्यांनी कधी मोठं होऊ दिलं नाही. उमेशचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली, तरी तो तोंड उघडायच्या आत मागून आवाज यायचा. एकदा तो बीजाबद्दल काही सांगू लागला, चांगलं सांगत होता. भर सभेत बाई म्हणाल्या, "त्याले काय समजते? मले विचारा." लोक हसले. उमेशचे कान लाल झाले. तो हसला नाही, भांडलाही नाही. मला त्याची कीव आली, आणि खरं सांगतो, बाईंचा रागही आला.

तलाव बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचा, असं उमेशने पुढच्याच वर्षी सभेत मांडलं. ठेकेदाराची माणसं, ठेकेदाराची जाळी, सभासदांना घरबसल्या वर्षाचे पैसे. म्हणजे सात घरांच्या टोपल्या बंद. भागरताबाई मागून कडाडल्या, "तलाव का तुह्या बापाचा हाये का रे?" उमेशने मागे वळूनही पाहिलं नाही. शांतपणे मला विचारलं, "सेक्रेटरी, जो सभासद नाई, त्याले सभेत बोलता येते का?"

मला उत्तर पाठ होतं. तरी मी पुस्तक उघडलं, पान शोधलं आणि नियम मोठ्याने वाचला. येत नाही. अध्यक्षाशी वाकडं घ्यायची माझी छाती नव्हती. ज्यांच्या विधवा काक्या-वहिन्या त्या रांगेत उभ्या राहत, असेही दोघेतिघे सभेत होते. तेही खाली मान घालून बसले. भागरताबाईंनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली, पदर सावरला आणि बाहेर गेल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला.

आठवड्याभरात त्या पवनीला भावाकडे गेल्या. उमेश आणायला गेला नाही. दोन वर्षांनी पवनीच्या बसस्टँडवर मला दिसल्या. वाळल्या होत्या. त्यांनी एकेका घराचं विचारलं. मी सांगितलं, सातांतल्या दोघी ठेकेदाराकडे मासे साफ करायला जातात, एक मुलीकडे गेली, एक वारली, बाकीच्या तिघी कशाबशा दिवस काढतात. त्या म्हणाल्या, "तुमी वाचला तो नियम खराच असन, सेक्रेटरीभाऊ. पण आठ वर्षं मी तेथं बोलून राहिली होती. तवा तुमी काहून नाई वाचला? तवा मी सभासद झाली असती."

मी म्हटलं, "बाई, माझी बस लागली." आणि समोर जी बस उभी होती तिच्यात चढलो. ती कुठे जाणार होती, ते मी तिकीट काढताना कंडक्टरला विचारलं.