जुनी कोठी सरेपर्यंत

झुलाल आबांचं घर बघायला लोक लांबलांबून येतात. मागे एक यूट्यूबवाला येऊन गेला. तारेचं कुंपण, त्याच्या बाहेर रचलेल्या बोरीच्या काट्या, अंगणातलं बोअर, सोलर पंप, शेणाचा गॅस, खोलीभर तुराट्या-पऱ्हाट्यांचं सरपण, सगळं त्याने फिरून फिरून काढलं. शेवटी आबांना कॅमेऱ्यासमोर उभं करून विचारलं, काका, उद्या दुष्काळ पडला तर? आबा मिशीतल्या मिशीत हसले आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, "पडू दे. मना गेट बंद शे." लाखभर लोकांनी ते पाहिलं म्हणे. खाली हात जोडल्याच्या खुणा, असा माणूस गावोगाव पाहिजे वगैरे वगैरे. मी काही लिहिलं नाही. मी या माणसाची पुतणसून, ज्योती. माझं घर गावात आहे, शेत त्यांच्या बांधाला लागून. त्या घरात काय शिजतं ते मला माहीत होतं.

आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात, दोंडाईच्यापासून मोटारसायकलने अर्ध्या तासावर. जमीन काळी, दादर पिकवणारी. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, नुसत्या थंडीवर आणि दवावर वाढते. नव्या दादरची भाकरी पांढरीशुभ्र होते, टम्म फुगते आणि मीठ-तेल लावून खाल्ली तरी गोड लागते. आबा दरवर्षी ती पेरतात. सुमनबाई, म्हणजे आबांची बायको, आमची अक्का, दरवर्षी ती निंदायची, काढायची, पाखडायची. आणि मळ्यातल्या त्या घरात राहायला गेल्यापासून नव्या दादरची एक भाकरी तिच्या पोटात गेली नव्हती.

खोटं वाटेल, म्हणून नीट सांगते. आबांच्या आतल्या खोलीत पत्र्याच्या तीन मोठ्या कोठ्या होत्या. एकीत यंदाचं धान्य, दुसरीत गेल्या वर्षीचं, तिसरीत त्याच्याही आधीचं. खायचं नेहमी सगळ्यात जुनं. जुनी कोठी सरली की पुसून तिच्यात नवं भरायचं, झाकण लावून वर शेणमातीने लिंपायचं, कुलूप घालायचं. किल्ल्या आबांच्या कमरेच्या करगोट्याला. आता मला सांगा, असं करणाऱ्याच्या ताटात नवा दाणा कधी येणार? त्याची पाळी येईपर्यंत तोही जुना होतो. मग त्याला सोंडे लागतात, पीठ कडवट पडतं, त्याला विरी, म्हणजे चिकटपणा, राहत नाही. अक्का भाकरी थापायची तेव्हा ती कडेने फाटायची. अक्का पाण्याचा हात लावून लावून ती जुळवायची. घरात दाण्याचे डोंगर, आणि खायचा तो कोंबड्यांपुढे टाकायचा दाणा!

कुणी बोललंच तर आबांचं उत्तर ठरलेलं. "जुनं खाई लेवानं आधी. नवं काय पळी जास का?"

एकदा मी हुशारी केली. म्हटलं, आबा, एका वर्षी जुनं सगळं गुरांना घाला आणि नवं खायला काढा. पुढच्या वर्षापासून रोज ताजंच खाल, कोठ्याही भरलेल्याच राहतील. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घराला काडी लावायला सांगतेय. अन्न गुरांना? मग त्यांनी बहात्तरच्या दुष्काळाचं सुरू केलं. लहानपणी खडी फोडायच्या कामावर मिळालेली सुकडी, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, आणि भुकेने गेलेली धाकटी बहीण. सांगताना त्यांचा आवाज खरंच कापतो. लोक म्हणतात, बिचाऱ्याने बहात्तर साल पाहिलंय. अहो, मग अक्काने काय पाहिलं नव्हतं? तीही त्याच सालातून आली होती. तिला फक्त एवढं वाटायचं की ते साल संपलं.

लॉकडाऊन लागला आणि आबांना जग जिंकल्यासारखं झालं. पहिल्याच दिवशी त्यांनी गेटला साखळी घातली. गावातली चक्की बंद होती, म्हणून आम्ही आमचेच गहू घेऊन त्यांच्या घरघंटीवर दळायला गेलो, तर गेटच्या आतूनच म्हणाले, "उद्या मोटार जळनी त मी काय करू?" अक्का मागे उभी होती, तिला मान वर करवेना. आम्ही महिनाभर भिजवलेले गहू वाटून खाल्ले. त्यानंतर आबा ज्याला त्याला सांगायचे, दखा, मी म्हनत व्हतू ना! माणूस बरोबर ठरला की त्याच्याइतकं भयंकर कुणी नसतं, हे मला तेव्हा कळलं.

त्यांना एकच मुलगी, दिपमाला, शिरपूरला दिलेली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोका खेळतात, जाताना आई पिशवीत काहीबाही भरून देते. अक्काने एका आखाजीला लेकीसाठी नवी दादर मागितली. आबांनी जुन्या कोठीतली काढून दिली. दिपमालाच्या सासूने ती अंगणात चाळली तेव्हा चाळणीखाली किडेच पडले. शेजारणी बघत होत्या. दिपमाला पुढच्या आखाजीला आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. अक्का झोका बांधलेल्या लिंबाकडे बघत बसायची आणि म्हणायची, पोरीला काम असेल.

गेल्या दिवाळीनंतर अक्काने अंथरूण धरलं. पोटात गाठ होती. धुळ्याच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. घरी पाठवताना आबांना बाजूला घेऊन म्हणाले, आता त्या मागतील ते खाऊ द्या. याचा अर्थ आबांनाही कळला होता. मी शेजारीच होते, त्यांचे डोळे भरलेले मी पाहिलेत. आणि त्यांना चिकट म्हणावं तर तसंही नाही हो. त्यांनी सफरचंदं आणली, द्राक्षं आणली, शहाळी तर रोज. एकदा दोंडाईच्याहून गरम जिलबी आणली. तिच्या उशाशी फळं सडून जायची. अक्काला ते काही नको होतं. तिने एकच गोष्ट मागितली.

फाल्गुनात दादर निघाली. पडवीत अक्काची खाट आणि खाटेसमोर यंत्रातून काढून आणलेली दादर, वाळवायला पसरलेली. मोत्यासारखी. अक्का कुशीवर वळून तिच्याकडेच बघत राहायची. मी तिला पाणी पाजायला जायचे. त्या दिवशी आबा पोती शिवत बसले होते, तेव्हा ती म्हणाली, "दिपाना बाप, माले एक भाकर द्या. नव्वी दादरनी. एकच."

आबांनी दाभण थांबवलं नाही. "जुनी कोठी आर्धी शे अजून. ती सरू दे. तवलोंग तू बी बरी व्हई जाशी."

"ती कोठीना आधी मीच सरी जासू," अक्का म्हणाली.

"काही बी बोलू नको," आबा म्हणाले आणि दुसरं पोतं ओढलं.

माझं डोकं फिरलं. मी तशीच घरी गेले. आमचीही दादर निघालेलीच होती. दळून आणली, चुलीवर भाकरी भाजली, वरून ताजं लोणी, फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. अक्काने फडकं उघडून वास घेतला, डोळे मिटले आणि फडकं परत बांधून माझ्या हातात दिलं. "मना घरमा कोठ्या भरेल शेतस, ज्योती. मी दुसराना घरनं कसाले खाऊ? मी निंदेल शे ती दादर. माले तीच पाहिजे." मी रागावले, हात जोडले, रडले. ती ऐकेना. जन्मभर नवऱ्यापुढे जिने तोंड उघडलं नाही, तिने हट्ट धरला तो असा आणि अशा वेळी. मला तिचाही संताप आला, खोटं कशाला बोलू.

पोती कोठीत ओतायच्या दिवशी मी तिथेच होते. अक्काने खाटेवरून हात खाली सोडला होता. शेवटचं पोतं उचलताना तळाशी थोडी दादर सांडली. अक्काच्या बोटांनी चाचपत तिची मूठ भरली, आणि ती मूठ तिने पदराखाली घेतली. चावायला तिच्या अंगात त्राण नव्हतं. नुसती नाकाशी धरून पडली होती. आबांनी खालचे दाणे हाताने गोळा केले, फुंकर मारली, मग त्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. ते खाटेच्या कडेवर बसले. मला वाटलं, आता तरी हा माणूस विरघळेल. त्यांनी तिची मूठ हातात घेतली, एकेक बोट सोडवलं, अगदी हळू, तिला दुखणार नाही असं, आणि दाणे आपल्या तळहातावर उतरवून घेतले. "अंथरुणमा सांडतीन, मुंग्या लागतीन तुले," असं म्हणाले. आत गेले. कोठीत दाणे पडल्याचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला. मग झाकण लिंपायला त्यांनी शेणमाती कालवली. ज्या कोठीत ते ओतलं, ती त्यांनी मुद्दाम नवी घेतली होती, चौथी. म्हणजे जागा नव्हती असंही नव्हतं आणि दाणा कमी होता असंही नव्हतं.

अक्का होळीच्या दोन दिवस आधी गेली. त्या दिवशी सकाळी आबांनी तिला शहाळ्याचं पाणी चमच्याने पाजलं होतं. ते ओठांतून बाहेर आलं. गेली तेव्हा आबा खूप रडले, भिंतीवर डोकं आपटून घेतलं, चार माणसांनी धरलं तेव्हा आवरले. ते रडणं खोटं नव्हतं, आणि त्यामुळेच मला त्यांचा जास्त राग आला.

तेराव्याला दिपमाला उठली. इतकी वर्षं न आलेली पोर, डोळे सुजलेले. नैवेद्याचं ताट वाढायचं होतं. ती सगळ्या भाऊबंदांसमोर बापापुढे जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. "आबा, किल्ली द्या. मना मायले नव्वी दादरनी भाकर ठेवानी शे."

 एवढी माणसं बसलेली, कुणीतरी म्हणायला हवं होतं, दे रे झुलाल. मीही बोलले नाही, बोलून काही होणार नाही हे मला ठाऊक होतं. आबांनी करगोट्यावर हात ठेवला. लेकीकडे बघितलं. आवाज चढवला नाही, उलट समजूत घालावी तसे म्हणाले, "ती आते खानार शे का?"

दिपमालाने पुढे केलेला हात खाली घेतला. पायात चपला घालून ती तशीच गेटकडे चालू लागली. साखळी काढायला तिला वेळ लागला, पण तिने कुणाला हाक मारली नाही.

नैवेद्याला जुन्या कोठीतल्या दादरची भाकरी ठेवली, कडेने फाटलेली. पंगतीतही त्याच भाकरी. लोकांनी तुकडे मोडले, आमटीत बुडवले, कसेबसे गिळले, आणि पानावर बरंच टाकून उठले. मी वाढत होते. आबा शेवटच्या पंगतीला बसले. जेवता जेवता त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं, आणि शेजारी बसलेल्या भाऊबंदांतल्या तोतारामनानांना हलक्या आवाजात म्हणाले, "सुमनना हिस्साना दाना वाचना, नाना. आते कसा बी दुष्काळ येऊ दे, माले दुप्पट दिन पुरी."

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे आणखी अर्धी भाकरी मागितली.