गाडी नसलेल्या वाटेवरची गाडी

डोंगर आणि तळं यांच्या मधून जाणाऱ्या त्या खडीच्या वाटेवर मोटार नव्हती, ट्रक नव्हता, फटफटी नव्हती. दोन्ही टोकांना लोखंडी खांब रोवलेले होते आणि त्यांच्यामधून सायकल तेवढी निघे. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की या वाटेवर वाहन येत नाही. त्या पाटीला खोटं पाडणारं एकच वाहन होतं, एक जुना ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे खडीची ट्रॉली. मधल्या खांबाच्या कुलपाची किल्ली ज्या बाईच्या कमरेला असे, तिला सगळे खडीवाली म्हणत.

पूर्वी हा खाणीचा रस्ता होता. मग डोंगराच्या पोटातून बोगदा निघाला, गाड्या तिकडून धावू लागल्या आणि ही वाट ओस पडली. पुढे कोणाच्या तरी मनात आलं, डांबर खरवडून काढलं, बारीक खडी पसरली, आणि लांबलांबून माणसं सायकली घेऊन येऊ लागली. पण खडी एका जागी राहते थोडीच. पाऊस तिला ओढून नेतो, चाकं तिला कडेला उडवतात. ती पुन्हा पुन्हा आणून टाकावी लागते. हे काम आधी तिचे सासरे करत. त्यांची पाठ गेली, त्यांनी अंथरूण धरलं. नवरा तळ्यापलीकडे होड्यांच्या कारखान्यात. त्याला ट्रॅक्टरचा धूर सोसत नाही असं तो म्हणे, पण आईच्या हाताखाली काम करणं सोसत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा ट्रॅक्टरची सीट सुनेकडे आली. सासऱ्यांनी अंगणात खाट टाकून तिला शिकवलं. शिकवणं कमी, ओरडणं जास्त. पण ती शिकली.

आणि ज्या दिवशी शिकली, त्या दिवसापासून भ्यायला लागली.

मोठ्या रस्त्यावर प्रत्येकाला माहीत असतं की समोरून काहीतरी येणार आहे. या वाटेवर सगळे निर्धास्त. हात सोडून सायकल चालवणारे, मागे वळून बायकोशी बोलणारे, तळ्याकडे बघत भान हरपलेले. पोरं तर साप चालावा तशी वाकडीतिकडी. त्यांना कोणी शब्द दिला होता की इथे गाडी नाही, आणि त्या शब्दावर ते डोळे मिटून विसंबले होते. नेमकी तीच गोष्ट तिला छळत असे. एखाद्या वळणावर असा कोणी भरधाव उतरून आपल्या चाकाखाली आला तर? झोपेत सुद्धा तिचा उजवा पाय ब्रेक दाबत असे. नवरा सुट्टीला आला की सकाळी पोटरी चोळत उठायचा आणि म्हणायचा, रात्री पुन्हा मला थांबवलंस.

म्हणून ती भल्या पहाटे काम उरकी, आणि म्हणून पुढे चालायला सासू असे.

सासू म्हणजे बाभळीचं लाकूड. बारीक, काळीसावळी, वाकायचं नाव नाही. गळ्यात शिट्टी, हातात लाल फडकं. वळण आलं की ती आधी पुढे जाऊन बघे, आणि वाट मोकळी असली की एक लांब शिट्टी देई. शिट्टी आली तर गाडी पुढे. शिट्टी नाही तर गाडी जागेवर. सासऱ्यांनी आणखी एक नियम घालून दिला होता. भरलेली ट्रॉली चढावर असताना काही झालं तरी सीट सोडायची नाही. सुनेने हे दोन्ही नियम देवाच्या शपथेसारखे पाळले. सासू तिला भित्री म्हणायची, तोंडावर, आल्यागेल्यासमोर. सुनेला राग येत नसे. खरंच होतं ते.

त्या दिवशी मात्र पहाट हुकली. रात्री पावसाची मोठी सर येऊन गेली होती आणि वरच्या अंगाला पाण्याने वाट कापली होती. वाटेची देखभाल बघणाऱ्या ऑफिसातल्या कारकुनाचा फोन आला तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. सुट्टीचे दिवस तोंडावर होते, ओघळ आजच बुजवायचा होता. सून म्हणाली, उद्या पहाटे जाऊ. कारकून म्हणाला, तोवर कोणी पडलं तर? सासूने फोन तिच्या हातातून घेतला, निघालोच म्हणून सांगितलं आणि ठेवून दिला. मग शिट्टी गळ्यात अडकवता अडकवता म्हणाली की घरात बसून भ्यायचं ते वाटेवर भी, तेवढीच खडी तरी पडेल.

वाटेवर सगळ्यांत वाईट जागा कोपर नावाची. डावीकडे खडकाची भिंत, उजवीकडे कडा, खाली तळं. वाट एकदा वळते, चढते, आणि कोपर दुमडावं तशी लगेच पुन्हा वळते. तिथे दोन शिट्ट्या लागत. पहिल्या वळणावरून एक, मग गाडी चढाला लागायची. ती अर्ध्यात येईतो वरच्या वळणावरून दुसरी. मध्ये थांबायचं नसे, कारण ओल्या खडीवर थांबलेली भरली गाडी पुन्हा चढत नाही.

पहिली शिट्टी आली. सुनेने पहिला गिअर टाकला आणि जीव मुठीत धरून चढ घेतला. सासूचं लाल फडकं वरच्या वळणाआड गेलं. ट्रॅक्टर अर्ध्यात आला. दुसरी शिट्टी आली नाही.

तिने ब्रेक दाबला. इंजिन धडधडत होतं, आणि तिला वाटलं, त्या आवाजात ऐकू आली नसेल. कान टवकारले. वारा तळ्यावरून वर येत होता. शिट्टी नाही. तेवढ्यात चाकांखालची खडी हलली आणि ट्रॅक्टर तसाच, चाकं जाम असताना, वीतभर मागे घसरला. ट्रॉलीने कड्याच्या बाजूला तोंड वाकडं केलं. तिने हातब्रेक ओढला, दोन्ही पाय रोवले. 

सासूला हाक मारली. पुन्हा मारली. उत्तर नाही.

आता काय करायचं? पुढे जावं तर वळणावर कोण असेल ठाऊक नाही. मागे घ्यावं तर ट्रॉली कड्यावरून जाणार. उतरावं तर गाडी आपल्या वजनाने घसरत तळ्यात जाईल, आणि खालून कोणी चढत असेल तर त्याला घेऊन जाईल. ती बसून राहिली. घामाने हात स्टिअरिंगवरून निसटत होते आणि ती ते आलटून पालटून मांडीला पुसत होती. डोळ्यांसमोर सासू नाना तऱ्हांनी मरून पडलेली दिसत होती. तरी सीट सुटत नव्हती. नियम होता म्हणून, असं ती मनाला सांगत होती. पण उतरायची भीती वाटत होती हेही तिला कळत होतं.

गाडी आणखी वीतभर सरकली. आणि मग तिच्या हाताने ते केलं जे सासऱ्यांनी स्वप्नात सुद्धा करू दिलं नसतं. ट्रॉलीच्या मागच्या फळक्याच्या खिट्टीची दोरी सीटपर्यंत आणलेली होती, ती तिने ओढली, आणि ट्रॉली उचलायचा दांडा वर केला. चढावर ट्रॉली उचलली की ट्रॅक्टरचं नाक वर येतं. आलं. पुढची चाकं जमिनीवरून सुटली, समोर नुसतं आभाळ दिसलं आणि तिने डोळे मिटले. मग सगळी खडी एकदम खाली गेली. डोंगराने मोठा श्वास सोडावा तसा आवाज झाला. नाक धाडकन खाली आलं. ट्रॉलीची चाकं आसापर्यंत खडीत गाडली गेली होती. गाडी हलेना.

तिने इंजिन बंद केलं आणि धावली.

वळणापलीकडे एक सायकल खडकाशी आडवी पडली होती, तिचं पुढचं चाक ओघळात अडकून वाकडं झालं होतं. आणि कड्याच्या टोकावर सासू पालथी पडली होती. दोन्ही हात खांद्यापर्यंत खाली, पायाचा अंगठा वाटेच्या कडेला लावलेल्या दगडात अडकवलेला, शिट्टी छातीखाली दबलेली. तिच्या हातांच्या टोकाला एक माणूस लोंबकळत होता. दर आठवड्याला येणारा, लांबूनच घंटी वाजवून रामराम करणारा जाडजूड औषधवाला. त्याचे पाय निसटत्या दगडांवर आधार शोधत होते. प्रत्येक वेळी एखादा दगड सुटे आणि बऱ्याच वेळाने खाली पाण्यात पडल्याचा आवाज येई.

तो ओरडत नव्हता. हलक्या आवाजात एकच म्हणत होता, “सोडू नका.”

सून सासूच्या शेजारी पालथी पडली आणि तिने त्याच्या पाठपिशवीचा पट्टा धरला. खाली एकदाच बघितलं, पुन्हा नाही. फक्त पट्टा बघत राहिली. दोघींनी ओढलं. तो जड होता. मग त्याला कुठेतरी पाय ठेवायला जागा मिळाली, आणि तो आधी एका कोपरावर, मग पोटावर असा वर आला, आणि तिघंही खडकाशी टेकून, एकमेकांकडे न बघता, श्वास घेत बसले.

हळूहळू कळलं ते असं. तो तळ्याकडे बघत उतरत होता. मध्येच हात पसरून उभी असलेली म्हातारी दिसली, त्याने ब्रेक मारला, पुढचं चाक ओघळात गेलं आणि तो कड्यापलीकडे फेकला गेला. त्याचा खांदा निखळला होता. त्याने भावाला फोन केला. भाऊ वरच्या बाजूने चालत आला, पाया पडू लागला, सासूने त्याला आधी दवाखाना गाठ म्हणून हाकललं. दोघं वर निघून गेले.

मग सासू-सुनेने फावडी घेतली. सांडलेली खडी घमेल्याने वर वाहायची आणि ओघळ बुजवायचा.  सासूच्या घमेल्यातली निम्मी खडी वाटेतच पडत होती. सुनेने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

ओघळ भरत आला तेव्हा सासू त्याच्या कडेवर बसली.

“मी सोडणार होते त्याला,” ती म्हणाली.

सून थांबली.

“हात दुखत होते म्हणून नव्हे. हात टिकले असते. पण तो मला ओढून नेईल असं वाटायला लागलं. बोटं उघडायला घेतली होती मी. एक उघडलं पण होतं.”

“मग, आई?”

“मग तुझं इंजिन बंद झालं.” सासूने तळव्यावरची माती खरवडली. “तू काही खाली उतरायची नाहीस, हे मी धरूनच चालले होते. इंजिन थांबलं तसं कळलं, येतेय. मग बोट परत मिटलं.”

सून तिच्या शेजारी बसली. 

“मीही लगेच नाही उतरले,” ती म्हणाली. “बसून होते. नुसती बसून. तुम्ही मेलात असं वाटत होतं, तरी बसून होते.”

सासूने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी टोचून बोलेल असं सुनेला वाटलं, आणि तिला ते चाललं असतं.  पण सासूने सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवून आधार घेतला आणि उठली.

गाडी त्या दिवशी निघण्यातली नव्हती. चाकांना दगड लावले, वरच्या आणि खालच्या वळणावर दोरी बांधून लाल चिंध्या लटकवल्या, आणि दोघी खालच्या अंगाने घराकडे चालू लागल्या. ऊन कलतं होतं. तळ्यावर डोंगराची सावली पसरत चालली होती आणि वाटेवर चिटपाखरू नव्हतं. सासूने सुनेचा दंड धरला होता. तो आधारासाठी की सोबतीसाठी, हे कोणीच विचारलं नाही. वाट मोकळी होती, वर कोणी नव्हतं, खाली कोणी नव्हतं, आणि त्यांची स्वतःची गाडी मागे खडीत रुतलेली होती. तरीही प्रत्येक वळण आलं की दोघी एकदम थांबत, श्वास धरून ऐकत, आणि मगच पुढे जात.