जर्मन साहेबांचं मूळ गाव

आडनावाचा पत्ता लागल्याशिवाय कापूस घ्यायचा नाही, असा नेम पाळणारा व्यापारी साऱ्या वऱ्हाडात एकच होऊन गेला, आणि ते म्हणजे आमचे जर्मन साहेब. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, इकडे कापसाला सोन्याचा भाव आलेला; बाकीचे दलाल गाड्या दिसताच वाटेत आडवे यायचे. साहेब मात्र चिमूटभर कापूस घेऊन दोन्ही अंगठ्यांत धागा ताणत ताणत शेतकऱ्याला विचारायचे, "तुमचं आडनाव कोठून आलं?" मराठी ते गाडीवानांकडून शिकलेले, त्यामुळे ती अस्सल वऱ्हाडी होती आणि मधल्या शिव्यांचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता. एकदा अमरावतीच्या एका देशमुखांची त्यांनी अशी काही विचारपूस केली, की देशमुखांनी हातातला विडा तसाच खाली ठेवला.

त्यांचं स्वतःचं आडनाव लिंडनर. लिंडन हे त्यांच्या मुलखातलं झाड. झाडावरून गावाचं नाव आणि गावावरून माणसाचं, आपल्या अकोटकरांसारखं. कुठल्याशा जुन्या लढाईत गाव सुटलं. पुढे पणजोबा होडीत बसून हंगेरीत गेले, आजोबा तिथून उठून एका बंदरात आले, आणि नातू जहाजाने मुंबईला. अडचण एवढीच, की लिंडन नावाची गावं तिकडे आपल्या पिंपळगावांइतकी. त्यातलं आपलं कोणतं, हे शोधायला साहेब एकेका गावच्या पाद्र्याला पत्र लिहीत. 'आमच्याकडचे नव्हेत' असं उत्तर आलं, की ते अमरावतीहून वाटेत मुक्काम करत आमच्या बार्शीटाकळीजवळच्या गावी येत आणि त्यांना दरसाल कापूस देणाऱ्या मला वाचून दाखवत. मला त्यातलं अक्षर कळत नसे. तरी वाईट वाटायचंच.

आमच्या घराण्याचा भाट दरसाल सुगीनंतर येऊन वंशावळ वाचतो. एका वर्षी साहेब हजर होते. टोपी काढून, मांडी घालून त्यांनी माझ्या खापरपणजोबांपासून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "माह्यं बी लिवा." भाटाने देवक विचारलं. झाडाचं नाव ऐकून तो खूश झाला. आमच्यातही देवक झाडाचंच असतं. मग मूळ गाव विचारलं, तेव्हा साहेबांनी टोपी परत डोक्यावर घातली. मूळ गावाशिवाय भाट वहीचं पान उघडत नाही. पुढली दोन वर्षं हेच झालं.

मग अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळला आणि साहेबांना त्यांच्या पेढीकडून परतीचा हुकूम आला. ते निरोप घ्यायला आले तेव्हा भाट ओट्यावरच होता. साहेबांनी या वेळी काही मागितलं नाही. भाटानेच सहज विचारलं, लेकरंबाळं किती?

"एक पोरगा होता. पीटर. पटकीनं गेला. अमरावतीले पुरला त्याले."

इतक्या वर्षांत हे ते आम्हाला कधी बोलले नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाटाने वहीची दोरी सोडली, बोरू शाईत बुडवला.

"ज्या मातीत लेकरू ठेवलं, थे गाव तुमचं, साहेब. नावं सांगा."

साहेबांनी पणजोबांपासून पाचही पिढ्यांची नावं सांगितली. शेवटचं दोनदा सांगितलं.

त्यांची पत्रं काही वर्षं आली, मग थांबली. भाट मात्र येतो. आमची वंशावळ संपली की तो पान उलटून वाचतो: लिंडनर, देवक लिंडन, मूळ गाव अमरावती. तिकडच्या पाद्र्यांना हे पटायचं नाही, पण मला पटलंय. तेवढ्यात आमची मंडळी उठायला लागतात. मी त्यांना खाली बसवतो. पीटरचं नाव वाचून होईपर्यंत आमच्या ओट्यावरून कुणी उठत नाही.